बडोद्याचं बूच कुठे ठेवायचं: बायोम प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

२२ जून

वाचनालयाच्या गणपतीपुढे यंदा भिंतीवरचं प्रदर्शन करायचं, हे आज पक्कं झालं. विषय: जगातले बायोम (हवामानाप्रमाणे पडलेले वाळवंट, वर्षावन असे मोठे सजीव-प्रदेश) आणि पाण्यातल्या परिसंस्था. थर्माकोलची मंदिरं बंद झाल्यापासून आराशीत दरवर्षी काय करायचं हा वादाचा मुद्दा असतो. यंदा तो अर्ध्या तासात मिटला, कारण विषय सुचवणाऱ्यानेच काम करायचं असा नियम नानांनी जाहीर केला आणि बाकीचे सगळे गप्प बसले.

मंडळी: नाना (पाटबंधारे खात्यातून निवृत्त), मिलिंद (छपाई), शर्वरी (फाइन आर्ट्सला शिकते, चित्रं तिची), हितेशभाई (फ्रेमा आणि सगळं सुतारकाम), मी (शाळेत जीवशास्त्र शिकवते, मजकूर माझ्याकडे). हॉलला तीन मोकळ्या भिंती, पण मधलीपुढे मखर येतं, म्हणजे हिशेबाला अडीचच.

मिलिंद जगाच्या नकाशाची रंगीत प्रिंट घेऊनच आला होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ साली जमिनीचे ८६७ परिप्रदेश (बायोमचे लहान तुकडे) पाडून ते १४ बायोममध्ये बसवले, तो नकाशा. त्याचा बेत सरळ: चौदा रंग, चौदा बोर्ड, पंधरावा बोर्ड ‘पाणी’. मी म्हटलं, पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पंधराव्या बोर्डावर कोंबणार? तर म्हणाला, “ताई, समुद्रात दाखवायचं काय? निळाच तर असतो.” पुढचं बोलणं व्हायच्या आत सेव-उसळ आली.

२४ जून

नकाशा घरी घेऊन बसले. रंगांबद्दल तक्रार नाही, रेघांबद्दल आहे. सायबेरियात सूचिपर्णी जंगल संपतं आणि टुंड्रा सुरू होतो, ते असं कुंपण घातल्यासारखं नव्हे. झाडं खुजी होत जातात, विरळ होत जातात, मग ओढ्याकाठीच उरतात, मग तीही नाहीत. नकाशात तिथे एक रेघ. ती पाहून मुलं चौदा नावं पाठ करतील आणि तिथे जंगल का आणि इथे का नाही, हे विचारणार नाहीत. नकाशा ठेवू, पण एकच, लहान, दाराजवळ. बाकी भिंतींवर ‘का’ हवं.

१ जुलै

‘का’ दाखवायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन परिस्थितिशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला आलेख. आडव्या अक्षावर वर्षाचं सरासरी तापमान, उभ्या अक्षावर वर्षाचा पाऊस, आणि त्या पसाऱ्यात बायोमची बेटं. उष्ण आणि भरपूर ओलं तिथे वर्षावन, उष्ण आणि कोरडं तिथे वाळवंट, गार आणि कोरडं तिथे टुंड्रा. अति गार आणि अति ओलं हा कोपरा रिकामाच, कारण थंड हवेत इतकी वाफ मावतच नाही.

नाना म्हणाले, भिंतीवर कशाला, फरशीवरच आखू. हॉलची फरशी दोन फुटी. एक फरशी म्हणजे आडवं पाच अंश, उभं हजार मिलिमीटर. तापमान उणे १५ पासून ३० पर्यंत, पाऊस साडेचार हजारांपर्यंत, मखराकडून दाराकडे वाढत जाणारा. रंगीत टेपने बायोमच्या हद्दी आखायच्या आणि गावांसाठी बाटल्यांची बुचं ठेवायची. मुलांनी त्यात उभं राहायचं. ही कल्पना मला भिंतीपेक्षाही आवडली.

५ जुलै

पाऊस जोरात, त्यामुळे वाचनालयात फक्त आम्हीच. बुचं मांडून पाहिली.

जैसलमेर आणि सायबेरियातलं वेर्खोयान्स्क ही जोडी बघण्यासारखी आहे. पाऊस दोन्हीकडे दोनशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. एकीकडे थरचं वाळवंट, दुसरीकडे लार्चचं जंगल. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळी पानं गाळतो. फरक बाष्पीभवनाचा. वेर्खोयान्स्कची वार्षिक सरासरी शून्याखाली चौदा-पंधरा अंश आहे. पडलेलं पाणी उडून जात नाही आणि खालची जमीन कायम गोठलेली असल्यामुळे मुरतही नाही, वरच्या थरातच राहतं. मुळांना तेवढं पुरतं. या गावाचा विक्रम: १८९२ साली उणे ६७.८ अंश, आणि जून २०२० मध्ये अधिक ३८. शर्वरीने दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून घेतले.

लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण नऊशे. हे बूच ठेवलं तेव्हा हितेशभाईंचा विश्वासच बसेना. त्यांचा भाचा तिकडे असतो आणि फोनवर रोज पावसाचंच रडगाणं गातो. तिथे तो पाऊस थेंबाथेंबाने वर्षभर पडतो आणि हवा गार. आपल्याकडचा नऊशेतला बहुतेक चार महिन्यांत पडून वाहून जातो, मग एप्रिल-मेचं ऊन.

चेरापुंजीचा अकरा हजारांहून जास्त. आलेख साडेचार हजारांवर संपतो. नानांनी फरशा मोजत मोजत बूच नेलं ते दाराबाहेर चपलांच्या स्टँडपाशी. तिथेच राहू दे, असं एकमताने ठरलं.

९ जुलै

या आलेखात एक भोक आहे आणि ते दाखवलं नाही तर फसवणूक होईल. मुंबई आणि ब्राझीलमधलं मनाउस ही दोन बुचं जवळजवळ एकावर एक बसतात. दोन्हीकडे सरासरी २७ अंश, दोन्हीकडे पाऊस सव्वादोन हजारांच्या आसपास. पण मनाउसभोवती अॅमेझॉनचं सदाहरित वर्षावन आहे, आणि मुंबईच्या मागच्या डोंगरांत शिशिरात पानं गाळणारी झाडं. वर्षाची बेरीज सारखी, महिन्यांचं वाटप निराळं. मनाउसला सर्वांत कोरड्या महिन्यातही पावसाच्या सरी चुकत नाहीत. मुंबईचा नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस जून ते सप्टेंबर. मोठी पानं वर्षभर अंगावर बाळगायची तर झाडाला वर्षभर पाणी हवं. नसेल तर कोरड्या महिन्यांत ती गाळून टाकणं स्वस्त पडतं.

हितेशभाईंनी यावर उपाय काढला. दोन्ही गावांसाठी बारा-बारा लाकडी पट्ट्या, शंभर मिलिमीटरला एक सेंटिमीटर, भिंतीवर ओळीने. मुंबईची जुलैची पट्टी आठ सेंटिमीटरच्या आसपास, फेब्रुवारीची कापताच येईना. म्हणाले, “बेन, आमां सुं कापवानुं?” (ताई, यात कापायचं काय?) तिथे फक्त एक खिळा मारला. तो खिळा बोर्डावरच्या माझ्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त सांगतो.

१३ जुलै

बडोद्याचं बूच. आजची बैठक त्यावरच गेली.

आकड्याप्रमाणे ते उष्ण पानझडी जंगल-सव्हानाच्या (सव्हाना म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश) बेटात, पण वाळवंटाच्या हद्दीला खेटून बसतं. नानांचं म्हणणं, “पानझडी जंगल लिहा, पावागड-जांबुघोड्याकडे साग आहेच की.” मिलिंदला सव्हाना म्हणजे आफ्रिका: सिंह, जिराफ, छत्रीसारखी झाडं. इथे सव्हाना लिहिलं तर लोक हसतील म्हणाला.

व्हिटेकरनेच स्वतःच्या आलेखात मधल्या मोठ्या भागाभोवती एक तुटक रेघ काढली होती. तिच्या आत फक्त पाऊस आणि तापमान पाहून गवत की झाडं हे ठरत नाही. आग, चरणारी जनावरं, माती आणि पावसाचा हंगाम ठरवतात. बडोदं त्या रेघेच्या आत येतं. आपल्या पट्ट्यातलं गवत भर उन्हाचं आहे, सावलीत ते टिकत नाही. वणवा लागला तर गवताचे कोंब जमिनीलगत असल्याने पहिल्या पावसाला परत फुटतात. झाडाचं रोपटं मात्र जळतं. जाड सालीची मोजकी झाडं मोठी होतात. म्हणजे विरळ झाडं आणि खाली गवत ही जंगलाची बिघडलेली अवस्था असलीच पाहिजे असं नाही. ती स्वतःच एक पूर्ण, जुनी परिसंस्था आहे. अशी उष्ण प्रदेशातली गवतं जगभर पसरायला लागली त्याला सत्तर-ऐंशी लाख वर्षं झाली, तेव्हा कुऱ्हाड घेऊन कोणीच नव्हतं.

मराठीतला पुरावाही आहे, आणि तो वाचल्यापासून मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ओव्या, संतचरित्रं आणि लोककथांमधली झाडं नोंदून काढली. तेराव्या शतकापर्यंत मागे जाता येतं, आणि उल्लेख येतात ते बहुतेक मोकळ्या माळरानावरच्या झाडांचे. मेंढरांमागे चालणाऱ्यांनी जे पाहिलं ते गाण्यात आलं.

मग आपण अशा जमिनीचं काय करतो? सरकारी नोंदीत पडीक म्हणून टाकतो आणि तिथे झाडं लावतो. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६०च्या दशकात खारेपणा थोपवायला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, लावला. त्याने गवताचा मोठा भाग गिळला, आणि तिथल्या म्हशी पाळणाऱ्या मालधारींची चराई आटली. उलट उदाहरण भावनगरजवळचं वेळावदर. थोड्याशा संरक्षित गवतात काळवीट, लांडगे, पावसाळ्यात उड्या मारणारा तणमोर, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी. रात्री ते झाडावर नाही, गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. गवत गेलं तर त्यांनी उतरायचं कुठे?

नाना म्हणाले, “मग आम्ही रोपं लावायला जातो ते चूक का गं?” चूक नाही, पण कुठे लावतो ते बघायला हवं. शहरातल्या रस्त्यावर लावा, नदीकाठी लावा. माळावर लावायच्या आधी तिथे कोण राहतं ते विचारा.

ठरलं: बडोद्याचं बूच सव्हानात. शेजारच्या बोर्डावर वेळावदरचं काळवीट, जिराफ नाही.

२० जुलै

डावीकडच्या भिंतीला ओल आली आहे. खालचे तीन फूट बोट लावलं तर पांढरा चुरा. सनबोर्ड टेकवून लावता येणार नाही, हितेशभाई पट्ट्या ठोकून बोर्ड पुढे आणतील. नानांनी लगेच निकाल दिला: ही भिंत पाण्याला. मिलिंदचा पंधरावा बोर्ड रद्द होऊन अख्खी भिंत मला मिळाली ती अशी, ओलीच्या कृपेने.

आता खरा प्रश्न. जमिनीवरच्या आलेखाचे दोन अक्ष पाण्यात चालत नाहीत. समुद्राला पावसाची काय कमतरता? आणि तापमान जमिनीइतकं हेलकावत नाही. पाण्यात कुठे काय जगेल हे मुख्यतः प्रकाश आणि क्षार-खतं ठरवतात, त्यानंतर खारटपणा, वाहणं आणि विरघळलेला प्राणवायू. अडचण अशी की पहिल्या दोघांचं जमत नाही. प्रकाश वरून येतो आणि दोनशे मीटरखाली प्रकाशसंश्लेषणाला पुरेसा उरत नाही. हजारानंतर उजेड मुळीच नाही. नायट्रेट-फॉस्फेटसारखी खतं मात्र मेलेल्या जिवांबरोबर खाली बुडत जातात. वर उजेड आणि उपाशी पाणी, खाली खत आणि अंधार. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या घरात, म्हणजे त्याचा बहुतेक भाग अंधारातच.

जिथे काहीतरी होऊन खालचं पाणी वर येतं तिथे समुद्र हिरवा होतो. पेरूच्या किनाऱ्याला वाऱ्याने वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, थंड पाणी वर येतं, आणि अँकोव्ही मासे बेसुमार होतात. आपल्या अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांवर हेच घडतं. इथे बडोद्यात आपण छत्र्या उघडतो तेव्हा तिकडे समुद्रात हंगाम सुरू असतो. उलट, पर्यटनाच्या जाहिरातीतलं निळंशार पारदर्शक पाणी हे बहुधा समुद्रातलं वाळवंट.

हे ऐकल्यावर मिलिंद म्हणाला, “म्हणजे माझा निळा बोर्ड वाळवंटाचा होता?” होता. तो आता तसाच लावणार, फक्त मथळा बदलून.

२६ जुलै

खंभातच्या आखाताकाठच्या कंबोईला जाऊन आलो. दिव्याची अवस परवाच झाली, त्यामुळे उधाण जोरात. स्तंभेश्वराचं देऊळ बघायला लोक येतात, भरतीला पिंड पाण्याखाली जाते म्हणून. आम्ही ओहोटीला पोचलो आणि चिखल बघत बसलो. बाकीच्या भाविकांना आमची दया आली असावी.

खंभातच्या आखाताचं तोंड रुंद आणि टोक निमुळतं, त्यामुळे आत शिरलेलं भरतीचं पाणी चढत जातं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. मही, ढाढर, नर्मदा, साबरमती, सगळ्या आपापला गाळ इथे आणतात आणि भरती तो दिवसातून दोनदा घुसळते. पाणी चहाच्या रंगाचं. त्यात ओंजळभर खोलीवरचंही दिसत नाही. आधीच्या नोंदीप्रमाणे हे पाणी खतांनी श्रीमंत आणि प्रकाशाला महाग. मग इथे अन्न बनवतं कोण?

उत्तर पायाशी होतं. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तपकिरी-सोनेरी झाक होती, तेलाचा तवंग पसरावा तशी. शर्वरीने काडीने खरवडलं तर खाली राखाडी चिखल, वर तेवढीच पातळ साय. ते डायटम, काचेसारख्या सिलिकाच्या कवचातले एकपेशीय जीव. पाणी गेलं की वर येऊन उन्हात कामाला लागतात, भरती यायच्या आधी चिखलात खाली सरकतात. त्या सायीवर खेकडे आणि निवट्या चरतात. निवटी म्हणजे जमिनीवर चालणारा मासा. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून आणि ओल्या कातडीने श्वास घेत परांवर सरपटते, मध्येच शेपटीने उडी मारते. एक निवटी आमच्यापासून हातभरावर डोळे वर काढून थांबली होती. डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढून ओले करते आणि पुन्हा बाहेर काढते. शर्वरीने तिची चित्रं काढता काढता वहीचं पान चिखलाने भरवलं. तेच पान स्कॅन करून बोर्डावर जाणार, साफ न करता.

किनाऱ्याला तिवरांचे पट्टे आहेत. त्यांची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर. खाली प्राणवायू नाही, चिखल खरवडला की सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच पुरावा. मोठ्या नळीची गरज नाही, बारीक छिद्रांतून हवा आत जाते.

परतीच्या वाटेवर नानांना विचारलं, पाटबंधारे खात्यात असताना तुम्ही याला काय म्हणायचात? “समुद्रात वाया जाणारं पाणी,” म्हणाले, आणि पादऱ्यापर्यंत गप्प होते. धरणात पाणी अडलं की गाळही अडतो, मग खाडीला तो मिळत नाही, हे मग त्यांनीच बोर्डासाठी लिहून दिलं.

२ ऑगस्ट

प्रकाश किती खोल जातो हे मोजायला सेकी तबकडी. आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते पाहिलं. अजूनही जगभर हेच करतात, इतकं ते सोपं आहे. हितेशभाईंनी जुन्या स्टीलच्या ताटाला मधोमध भोक पाडलं, शर्वरीने पाव-पाव भाग काळा-पांढरा रंगवला, खाली वजन म्हणून नट.

विश्वामित्रीत सोडायचं कोणी सुचवलंही नाही, मगरीने ताट नेलं तर पावती कोण देणार. डभोई रोडवरच्या नानांच्या मित्राच्या शेतावर गेलो. विहिरीत तबकडी अडीच मीटरपर्यंत दिसत होती. शेजारच्या, शेणखताचं पाणी उतरणाऱ्या तळ्यात हातभर खाली गेली आणि हिरव्यात गडप. पाऊस पडल्याने गाळही होता, पण हिरवा रंग शेवाळाचा. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात अशीच तबकडी जवळजवळ ८० मीटरपर्यंत दिसल्याची नोंद आहे.

ताट दोरीसकट प्रदर्शनात टांगायचं.

९ ऑगस्ट

राखीमुळे आज कोणी नाही. खोल समुद्राचा मजकूर घरी बसून केला.

दोन गोष्टींना मोठी जागा. एक, प्रोक्लोरोकॉकस. एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान जिवाणू, १९८०च्या दशकात सापडला, तोवर तो आपल्या जाळ्यांतून निसटतच होता. उष्ण समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये लाखभर असू शकतात. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातलं जवळजवळ निम्मं काम समुद्रातले असे सूक्ष्म जीव करतात. झाडं नाहीत, मुळं नाहीत, नकाशात हिरवा रंगही नाही.

दुसरी, १९७७ सालची गॅलापागोसची मोहीम. अडीच हजार मीटर खोल समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांपाशी ‘अॅल्विन’ ही पाणबुडी उतरली. बोटीवर सगळे भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. खाली मोठाले शिंपले आणि पुरुषभर लांबीचे लाल तुऱ्याचे नळीकृमी. नमुने टिकवायला रसायन पुरेना, म्हणून व्होडकात ठेवले. या कृमींना तोंडही नाही आणि आतडंही नाही. अंगात राहणारे जिवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून त्यांना पोसतात. सूर्य हा अन्नसाखळीचा आरंभ, असं आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच ओळीत असतं. मी ते शिकवते, पण आता पुढे ‘बहुतेक’ जोडते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर तळ्यांचा बोर्ड. नानांना आजवा हवं होतं, सयाजीराव महाराजांच्या काळातलं, अर्ध्या गावाला पाणी पाजलेलं. घेतलं. पण मधे मला सायबेरियातलं बैकल आणि आफ्रिकेतलं टांगानिका हवी होती. बैकल १,६४२ मीटर खोल, टांगानिका साधारण १,४७०. दोन्ही प्राचीन, दोन्ही जमीन फाटून झालेल्या खाचेत. बैकलच्या तळापर्यंत प्राणवायू आहे, तिथेही जीव राहतात. टांगानिकात दीड-दोनशे मीटरखाली प्राणवायू नाही, बाकी सगळं जवळजवळ मृत. थंड प्रदेशात वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली उतरतं, तळं ढवळलं जातं. विषुववृत्ताजवळ वरचा ऊबदार, हलका थर बाराही महिने वरच राहतो. तापमानवाढीने टांगानिकाचं उरलंसुरलं ढवळणंही मंदावतंय, आणि खालचं खत वर न आल्याने मासळी कमी होतेय.

लोणार एका ओळीत: खारं, अल्कधर्मी, जून २०२० मध्ये गुलाबी झालं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. बुलढाण्याकडचे लोक आले तर विचारणारच.

२० ऑगस्ट

जागा संपत आली. भूमध्यसागरी झुडुपं, समशीतोष्ण पानझडी आणि गवताळ प्रदेश (प्रेअरी, पाम्पास, स्टेप) एकाच बोर्डावर. मिलिंदला हा अन्याय वाटतो. वाटू दे. केपटाऊन, मध्य चिली, कॅलिफोर्निया, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया आणि भूमध्य समुद्राचा काठ या पाच लांबलांबच्या जागी हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा या एकाच कारणाने एकसारखी कडक पानांची झुडुपं आली, एवढं एक वाक्य पुरे.

वर्षावनाला मात्र एक चौकट वाढवली: सहारातल्या बोडेले खोलगटातली धूळ अटलांटिक ओलांडून अॅमेझॉनवर पडते आणि वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस देते, असा नासाच्या उपग्रहावरून काढलेला अंदाज. अॅमेझॉनची माती निकस, सगळा माल झाडांच्या अंगात. पावसाने जेवढं धुऊन नेलं तेवढं साधारण वाळवंट भरून देतं. फरशीवर ही दोन बुचं समोरासमोर आहेत, मधे शर्वरी गेरूने धुळीचा पट्टा ओढणार.

२४ ऑगस्ट

विश्वामित्री कुठे लावायची? नाना म्हणत होते नद्यांच्या बोर्डावर, शेवटी. मी ती दाराच्या आतल्या बाजूला घेतली, कारण प्रत्येकाला तिच्याबद्दलच बोलायचं असतं आणि बोलू दिलं पाहिजे. पावागडातून निघते, शहरातून वळणं घेत जाते, ढाढरला मिळते, खंभातच्या आखातात संपते. म्हणजे कंबोईच्या चिखलात आपला वाटा आहेच. डोंगरातल्या सावलीतल्या ओढ्यात झडलेली पानं खाणारे किडे, पुढे रुंद उघड्या पात्रात शेवाळ आणि ते खाणारे मासे: नदीचं जीवन उगमाकडून मुखाकडे असं बदलत जातं, ही १९८० सालची मांडणी इथेही लावून बघता येते. शहरातल्या सांडपाण्याने मधला भाग बिघडवला आहे, ते चित्रातही तसंच ठेवलं.

मगरीचं चित्र शर्वरीने बिळासकट काढलं. मातीच्या काठात मगर लांब बीळ खणते आणि उन्हाळ्यात, थंडीत तिथे राहते. मादी काठालाच खड्डा करून अंडी घालते, आणि अंड्यांच्या तापमानावर पिल्लं नर की मादी हे ठरतं. काठ दगड-सिमेंटने बांधला तर बीळही नाही आणि घरटंही नाही. पुरात मगर अंगणात आली की बातमी होते. तिचा काठ गेल्याची होत नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीनंतर प्रदर्शन उघडलं. टेप दोन ठिकाणी सुटली, पुन्हा चिकटवली. बायकांच्या पैठण्या आलेखातल्या टुंड्रावरून फिरताना छान दिसत होत्या.

३१ ऑगस्ट

फरशीभोवतीच गर्दी. चेरापुंजीचं बूच दोनदा चपलेबरोबर घरी गेलं, दोन्ही वेळा परत आलं.

एका मुलाने विचारलं, हिमालय कुठे आहे यात? खरंच कुठेच नव्हता. त्याला सांगितलं, हजार मीटर चढलास की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे फरशीवर डोंगर चढणं म्हणजे डावीकडे सरकणं. तो म्हणाला, मग पावागड? माथा सुमारे आठशे मीटर, म्हणजे पाच अंश, एक फरशी. त्याने बडोद्यावरून एक पाऊल डावीकडे टाकलं आणि बायोम काही बदलला नाही म्हणून नाराज झाला. मग त्याला लेहपर्यंत नेलं. हम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ साली इक्वेडोरमधला चिम्बोराझो डोंगर चढताना जे टिपलं होतं, वर जाताना वनस्पतींचे पट्टे ध्रुवाकडे गेल्यासारखे बदलतात, ते या पोराने स्वतः पावलांनी काढलं.

जोशीकाकूंनी तबकडी पाहून त्यांच्या ताटांच्या सेटमधलं एक हरवलं होतं ते हेच का, असं विचारलं. हितेशभाईंनी उत्तर टाळलं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज बोर्ड उतरवले. ओलीच्या भिंतीवरचे तीन बोर्ड मागून फुगले आहेत, बाकी ठीक. पाण्याची भिंत आणि लाकडी पट्ट्या एका शाळेने महिनाभरासाठी मागितल्या आहेत, मिलिंद टेम्पोने पोचवेल. फरशीवरच्या टेपचा डिंक केरोसीनने निघतो.

उरलेलं: डिसेंबरात वढवाण्याला जायचं. डभोईजवळचं ते तळं गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलं, २०२१ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले राजहंस) तिथे उतरतात, उन्हाळ्यात तिबेट-मंगोलियाच्या तळ्यांवर असतात. त्यांचं बूच कुठे ठेवायचं यावर नाना आत्तापासूनच वाद घालत आहेत. त्यांच्या मते दोन बुचं आणि मधे दोरी. माझ्या मते दोरीच पुरे. तबकडी सध्या माझ्याकडे आहे. जोशीकाकूंना परत द्यायची की नाही ते हितेशभाईंनी ठरवावं.